पाय घसरून

पंच मशीन कपाळावर बसलं तेव्हा तिने सगळ्यात आधी हातातलं पत्र लांब धरलं. रक्त त्यावर पडू नये म्हणून. सकाळचे साडेअकरा, साहेबांची केबिन, पडदे अर्धे ओढलेले, आणि भुवईच्या वर काहीतरी गरम उघडल्यासारखं झालेलं. दुखलं नाही. आवाज मात्र आला, कवटीच्या आतून, कुणी बाहेरून दाराला कडी घालावी तसा. मग पहिला थेंब चष्म्याच्या काचेवर पडला आणि साहेब एका डोळ्यापुरते लाल झाले. ती एवढंच म्हणाली होती, "साहेब, ही तारीख आपण त्यांना मागच्या आठवड्यातच कळवलीय." साहेब कागदांना भोकं पाडत होते, हातात होतं ते त्यांनी फेकलं, बस्स. लोखंडी, जुनं, तळहाताने दाबलं तर तळहातच दुखावा असं ते मशीन आता गालिच्यावर पालथं पडलं होतं आणि त्याच्या पोटातून कागदाच्या बारीक गोल टिकल्या सांडल्या होत्या. ह्या टिकल्या गालिच्यातून निघत नाहीत, झाडणाऱ्या मावशी कुरकुरणार, असं तिच्या मनात आलं. "बाई, पत्र," साहेब म्हणाले. तिने पत्र पुढे केलं. त्यांनी सही केली, नेहमीसारखीच, शेवटच्या अक्षराला फटकारा मारून. टोपण लावलं. "आणि ते जरा बघा," असं म्हणून स्वतःच्या भुवईवर बोट टेकवून दाखवलं. जेवताना समोरच्याच्या ओठाला काही लागलं तर दाखवतात, तसं.

बाहेर येऊन तिने पत्र पाकिटात घातलं, जावक रजिस्टरात नंबर टाकला, आणि मग खुर्चीचा हात धरून खाली बसली.

खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात चार टाके पडले. डॉक्टरने विचारलं नाही. ह्या इमारतीत कुणी विचारत नाही, आणि ही पद्धत कुणी पाडली हे तिला सगळ्यात जास्त माहीत होतं. टाके घालून होतात न होतात तोच एचआरचा प्रमुख आला. गोल चेहऱ्याचा, मऊ हातांचा, दारातूनच "अरे देवा" म्हणणारा माणूस. "काय हो बाई हे! जपायला नको का?" मग आवाज खाली आणून, "तुम्ही घरी जा आता. गाडी सांगतो. फक्त ती नोंद तेवढी करून जाल का? दवाखान्याच्या फाइलला लागते. मी केली असती, पण माझं तुम्हाला माहीतच आहे. तुमच्यासारखा मसुदा ह्या इमारतीत कुणाला जमत नाही."

"काय लिहू?" तिने विचारलं. खरोखरच विचारलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, पलीकडच्या इमारतीची पाठ आणि पाण्याचे पाइप. "काय म्हणजे," तो म्हणाला, "नेहमीचंच."

नेहमीचं तिला पाठ होतं. ऑफिसात तिच्या माघारी तिला सगळे 'भिंत' म्हणत, हे तिच्या कानावर आलेलं होतं. भिंतीला कान असतात, आमच्या भिंतीला टायपिंगचे हातही आहेत, असा विनोद चालायचा. तिला त्यात अपमान वाटला नव्हता. एकतीस वर्षं ती साहेबांच्या आणि जगाच्या मध्ये बसली होती. तेविसाव्या वर्षी आली तेव्हा साहेब साहेब नव्हते. एका लांबट खोलीत तीन उपव्यवस्थापक बसायचे त्यातले ते तिसरे, दाराजवळचे. तिची लघुलेखनाची गती मिनिटाला एकशे वीस, टायपिंगला पंचावन्न, आणि कार्बनच्या पाचव्या प्रतीवरही तिचं अक्षर वाचता यायचं. पण तिचं खरं कसब ते नव्हतं. साहेब सांगायचे, "लिही त्या गाढवाला, की तुझ्यात अक्कल नसेल तर घरी बस," आणि ती लिहायची, 'आपल्या सूचनांचा आदर राखून असे निदर्शनास आणावेसे वाटते की'. साहेब वाचायचे, हसायचे, सही करायचे. साहेब मीटिंगमध्ये टेबलावर मूठ आपटायचे, ती इतिवृत्तात लिहायची, 'या मुद्द्यावर सविस्तर चर्चा झाली'. साहेबांनी एका हिशेबनिसाची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं, तिने लिहिलं, 'मतभिन्नता नोंदवण्यात आली'. साहेब चढत गेले, उपव्यवस्थापकाचे व्यवस्थापक, मग संचालक, मग कार्यकारी संचालक. मजला चढला तशी तिची खुर्चीही चढली, टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, खिडकी आली, पुढे काचेचं दार आलं. लोक तिला सावकाराला विनवावं तसं विनवायचे, "बाई, पाच मिनिटं मिळवून द्या." तिने किती जणांना त्या खुर्चीवर तासन्‌तास ताटकळत ठेवलं होतं! नुसतं मान वर न करता. एक नवी स्टेनो होती, पत्रात सारखी तीच चूक करायची. त्या मुलीच्या समोर तिने ते पत्र चार वेळा फाडलं होतं, चारही वेळा सावकाश, मधोमध. मुलगी रडली. आणि तिच्या स्वतःच्या छातीत कुठेतरी, उन्हातून आल्यावर पाणी प्यावं तसं गार गार वाटलं होतं. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. आज टाक्यांवरची पट्टी ठणकत असताना ते अचानक आठवलं, पाण्याच्या चवीसकट.

दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर तिने नोंद आठ मिनिटांत लिहिली. 'सकाळी साडेअकराच्या सुमारास कार्यालयीन जिन्यावरून उतरताना पाय घसरून.' चांगली झाली. आठ मिनिटांतली पहिली सहा मिनिटं बोटं नुसती कळफलकावर ठेवलेली होती आणि ती जिन्याचा विचार करत होती. ऑफिसच्या नव्हे. घरच्या. ती दहा वर्षांची असताना भाड्याच्या दोन खोल्या होत्या, तळमजल्यावर, आणि घराला जिनाच नव्हता. तरी तिचा धाकटा भाऊ जिन्यावरून पडला होता. वडील कारखान्यातून आले, भावाने दुधाचं भांडं सांडलेलं होतं, आणि वडिलांनी पट्टा काढला; आणि पट्ट्याने भागलं नाही तेव्हा त्याचा हात धरून फिरवला, ओला कपडा पिळतात तसा. हाडाचा आवाज आला तो तिने ऐकला. आईने ऐकला. आई चुलीकडे तोंड करून उभी होती आणि तिची पाठ हलत होती. दुसऱ्या दिवशी शाळेत चिठ्ठी द्यायची होती. आईला लिहिता येत नव्हतं, वडील म्हणाले, "हिला लिहू दे, हिचं अक्षर चांगलं आहे." तिने वहीचं मधलं पान काढलं, समास सोडला, आणि लिहिलं, 'माझा मुलगा जिन्यावरून उतरताना पाय घसरून पडल्यामुळे.' वडिलांनी वाचलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात. "शाब्बास," म्हणाले, "कुठेही नोकरी लागेल." जन्मभरात त्यांनी तिला दिलेली ती एकच शाबासकी, आणि भविष्य खरं ठरलं.

त्या दिवशी ऑफिसच्या गाडीने न जाता तिने भावाला फोन केला. का केला ते तिला सांगता आलं नसतं. तो आता पन्नाशीला टेकला होता, फरशा बसवण्याची कामं घ्यायचा, गुडघ्यांवर जन्म गेल्यामुळे चालताना थोडा वाकायचा. उजवा हात अजून कोपरात पूर्ण उघडत नव्हता. तो आला, दवाखान्याच्या दाराशी उभा राहिला, पट्टीकडे बघितलं. "काय झालं गं, ताई?" "पाय घसरला," ती म्हणाली. "जिन्यावरून."

 तो हसायला लागला. मोठ्याने नाही, नाकातून, अंग गदगदा हलवत. आणि हसता हसता दवाखान्याच्या बाकावर बसला आणि डोळे पुसले. "काय झालं हसायला?" तिने चिडून विचारलं.

"काही नाही गं. वाटलं, आता तुझी पाळी आली."

टॅक्सीत तो खिडकीकडे तोंड करून बोलत राहिला. तिच्याकडे बघून कदाचित बोलता आलं नसतं. "तुला माहीतच नाही, ताई. त्या चिठ्ठीनंतर आमच्या बाईंनी मला वर्ग सुटल्यावर थांबवलं होतं. दार लावलं. म्हणाल्या, खरं सांग, कुणी मारलं? घाबरू नकोस. मी सांगणार होतो. तोंड उघडलं होतं मी. त्यांच्या हातात तुझी चिठ्ठी होती. काय सुंदर अक्षर, एक खाडाखोड नाही. मला वाटलं, इतकं चांगलं लिहिलंय त्याच्यापुढे माझं कोण ऐकणार? म्हटलं, जिन्यावरून पडलो." टॅक्सी सिग्नलला थांबली. "बाबांचा राग गेला माझा. कधीच गेला. त्यांना अक्कल नव्हती. पण तुझ्या अक्षराचा नाही गेला."

 टाक्यांतून ठणका उतरून दातांपर्यंत आला होता. तिला वाटलं संपलं. पण तो थांबला नव्हता. "आणि आईच्या गालाला काय झालं होतं? शेवटच्या वर्षी? तेव्हाही डॉक्टरला तू म्हणालीस, बाथरूममध्ये पाय घसरला."

"घसरला होता."

"बरं," तो म्हणाला. "घसरला होता."

तो तिला दारापर्यंत सोडून गेला, चहासुद्धा न घेता. दुपारचं ऊन खोलीत भिंतीपर्यंत आलं होतं. तिने पलंगावर आडवं होऊन डोळे मिटले, पण मिटलेल्या डोळ्यांत आई आली. शेवटच्या वर्षातली, हाडांची मोळी झालेली, कुणालाच ओळखत नसलेली आई. दिवसभर साहेबांचं ऐकून ती घरी यायची, आणि आईला गोळी भरवायची, आणि आई ती गोळी बोटाने काढून तिच्या अंगावर थुंकायची. रोज. त्या दिवशी चौथ्यांदा थुंकली आणि हिचा हात गेला. गेला म्हणजे तिनेच मारला. 'हात गेला' हाही मसुदाच. सगळा जोर लावून, तळव्याने, कानाखाली. आईची मान पलीकडे गेली आणि तशीच राहिली. मग आई हळूच म्हणाली, "नका हो मारू. सांडणार नाही परत." आईला वाटलं, वडील आले. आणि हिने काय केलं? ओल्या फडक्याने गाल पुसला, आणि पुसता पुसता डोक्यात वाक्य जुळवलं, डॉक्टरला सांगायचं. वाक्य लगेच जुळलं. तीस वर्षांचा सराव होता.

कुणाकुणाला तिने घसरवलं होतं! ऑफिसातल्या नोंदी तिला तारखेसकट आठवत होत्या, स्वतःची आजची धरून बारा. पण त्यातली एक इतरांसारखी नव्हती, ती साहेबांच्या ड्रायव्हरची. नऊ वर्षं झाली. विमान चुकलं होतं. रस्ता खणलेला, ड्रायव्हर वळसा घालून गेला, पाच मिनिटांनी चुकलं. परत येईपर्यंत साहेब शब्द बोलले नाहीत. ऑफिसच्या तळघरात गाडी लागली, ड्रायव्हर दार उघडायला उतरला, आणि साहेबांनी त्याचे केस धरून डोकं दाराच्या कडेवर घातलं. एकदा. मग कानावर ठोसा. मग परत, त्याच कानावर. ती मागच्या सीटवर मांडीवर फायली घेऊन बसलेली होती. मधे काच होती, बंद. त्यामुळे आवाज आला नाही, नुसतं दिसलं, आणि गाडी हलली. तीनदा. तिने फायली छातीशी घट्ट धरल्या. त्या पडल्या असत्या तर पानं हलली असती. 'वाहनतळाच्या ओल्या फरशीवर पाय घसरून.' ड्रायव्हरने सही केली तेव्हा त्याच्या कानात कापूस होता आणि तिने जे वाचून दाखवलं ते त्याला ऐकू आलं नव्हतं. चार महिन्यांनी, एका कानाने बहिरा झालेला माणूस गाडी चालवण्यास वैद्यकीयदृष्ट्या अपात्र, असं पत्र गेलं. तेही तिचंच. एका पानात, 'आपल्या सेवेबद्दल आभार' सकट.

आठवडाभर ती रजेवर होती. ह्या आठवड्यात तिला झोप लागली नाही असं नाही; लागली, आणि स्वप्नात ती माणसं मारत होती. पंच मशीनने. साहेबांना, एचआरच्या प्रमुखाला, त्या स्टेनोला, वडिलांना. त्यांच्या कपाळांना व्यवस्थित, मार्जिन सोडून, दोन दोन भोकं पाडत होती. जाग आल्यावर हात भरून आलेले असायचे. सातव्या दिवशी तिने संचालक मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. म्हाताऱ्या अध्यक्षांना एका पानापेक्षा मोठं पत्र आवडत नाही हे तिला माहीत होतं. एका पानातच बसवलं. पहिल्यांदाच तिला शब्द सापडेनात. 'मारले' हा शब्द टाइप करताना बोट अडखळलं, दोनदा चुकीची अक्षरं उमटली. एकतीस वर्षांत तो तिने कधी टाइप केलाच नव्हता.

पत्र टाकून ती ड्रायव्हरकडे गेली. तो आता एका लाँड्रीत इस्त्री करायचा. वाफेच्या मशीनांचा तिथे एवढा गोंगाट होता की चांगल्या कानांच्या माणसांनाही ओरडूनच बोलावं लागायचं. त्याने तिला ओळखलं, पण इस्त्री थांबवली नाही. ती त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं, पत्राचंही, आणि चौकशी लागली तर याल का, हेही विचारलं. पांढऱ्या शर्टाची कॉलर त्याने आतून दाबली, बाहेरून दाबली. मग तिच्या कपाळाकडे बघितलं.

"तुमचं डोकं फुटलं तेव्हा माझा कान आठवला," तो म्हणाला.

"हो."

"नऊ वर्षं नाही आठवला."

"रोज आठवायचा. पण त्याने काही अडायचं नाही."

त्याने इस्त्री उचलली आणि टेबलावर टेकवलेल्या तिच्या बोटांपासून करंगळीएवढ्या अंतरावर आणून ठेवली. उभी नाही, आडवी. वाफ तिच्या नखांवर आली. तिने हात काढला नाही. धाडस म्हणून नव्हे. आपल्याला ते घडायला हवंय असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्याचीच भीती वाटली. त्याची बायको पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती, ती ओरडली, "अहो! काय करताय?" त्याने इस्त्री उचलली. टेबलावरचं कापड पिवळं पडलं होतं.

"खोटं बोलला असतात तर टेकवली असती," तो म्हणाला. "येईन मी. पण बोलायचं तुम्ही. मी नुसता बसेन."

चौकशी तीन आठवड्यांनी लागली. तिसऱ्या मजल्यावरची मीटिंगची खोली. ते लांब टेबल तिनेच कधीकाळी पसंत केलं होतं. एका बाजूला निवृत्त न्यायाधीश आणि एक वकीलबाई, दोघंही बाहेरून नेमलेले. समोर साहेब, शेजारी त्यांचा वकील. ह्या बाजूला ती आणि तिच्या डावीकडे ड्रायव्हर, इस्त्रीच्या कडक शर्टात. साहेबांनी तिला बघून मान हलवली, रोज सकाळी हलवायचे तशी, आणि तिच्या हाताने आपोआप पेन उचललं. ते तिने परत खाली ठेवलं.

वकिलाने कागद टेबलावर पसरले. तिने लांबूनच ओळखले, समास ओळखला. "ह्या अकरा नोंदी. मसुदा आपला?"

"हो."

"साक्षीदार म्हणून सहीही आपलीच. बारावी आपली स्वतःची. सगळ्या खऱ्या?"

"सगळ्या खोट्या."

"म्हणजे आपण एकतीस वर्षं खोटं लिहीत होतात."

"हो."

"आणि आज खरं बोलताय." वकील न्यायाधीशांकडे वळला, अगदी नम्रपणे. "मला एवढंच समजून घ्यायचंय की हा बदल नेमका कुठल्या तारखेपासून."

वकीलबाईंनाही हसू आवरलं नाही. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. खोलीतली हवा बदलली ते तिला कळलं. मीटिंग कुठे फिरते हे तिला नेहमीच सगळ्यांच्या आधी कळायचं. आता दहा मिनिटांत आभार मानले जातील, 'सविस्तर चर्चा झाली' होईल, आणि ती आणि हा कडक शर्टातला माणूस लिफ्टने खाली जातील. तिने साहेबांकडे बघितलं. आणि मग तिने ते केलं. विचार करून केलं की नाही, ह्यावर पुढे तिने कितीतरी विचार केला. साहेबांना शिव्या चालायच्या. विरोध चालायचा, तो त्यांना आवडायचाही. चालायची नाही ती कीव. हे ह्या जगात तिला जेवढं माहीत होतं तेवढं साहेबांच्या बायकोलाही नव्हतं.

"साहेबांना दोष देऊ नका," ती म्हणाली. आवाज तिने मुद्दाम मऊ केला, आजारी माणसाच्या उशाशी बोलतात तसा. "त्यांना आवरता येत नाही. पहिल्यापासून. लहान मूल सांभाळावं तसं मी त्यांना सांभाळलंय. भाषणं मी लिहायची, माफ्या मी मागायच्या, कुणाला काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं. स्वतःहून एक धड पत्र त्यांना कधी जमलं नाही. बिचारे! मी नसते तर पहिल्याच वर्षी घरी बसले असते."

 साहेबांच्या उजव्या हाताचा अंगठा सावकाश मुठीच्या आत गेला. अंगठा आत गेला की तीन सेकंदं असतात, कधी चार. त्या तीन सेकंदांत "साहेब, फोन आहे" म्हटलं, नुसता पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, तरी टळायचं. हजारदा तरी तिने टाळलं होतं. खोली रिकामी करायची, माणसाला दंडाला धरून बाहेर काढायचं. बोललं नाही तर काय होतं ते बारा कागदांवर होतं. पाण्याचा ग्लास तिच्या हाताशीच होता. तिने त्याच्याकडे बघितलं. एक. दोन. ती त्यांच्या डोळ्यांत बघून हसली.

साहेब टेबलाला वळसा घालून आले, वाटेत पाण्याचा काचेचा जग उचलून. वकील "सर, सर" म्हणत राहिला. जग वर गेला, पाणी त्यांच्याच बाहीत सांडलं, आणि तिने डोळे मिटले. फुटल्याचा आवाज आला, ओला, जाड. पण तिला लागलं नाही. तिने डोळे उघडले तर ड्रायव्हर तिच्या पुढे होता, टेबलावर पालथा, आणि साहेब त्याच्या मानेत, पाठीत मुठीने मारत होते, श्वास लागलेला, एकेका ठोशाबरोबर तोंडातून "हं, हं" असं काहीतरी निघत होतं. न्यायाधीशांची खुर्ची उलटली. वकीलबाई किंचाळत होत्या. दोन रखवालदार येईपर्यंत एक मिनिट गेलं असेल. ती हलली नाही. ती बघत होती. मध्ये काच नव्हती, आवाज सगळा येत होता.

पुढे व्हायचं ते झालं. साहेबांची खुर्ची गेली, महिन्याभरात, आणि ह्या वेळी 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं कुणी लिहून दिलं नाही. खटला उभा राहिला आणि त्यात न्यायाधीश स्वतः साक्षीला उभे राहिले. तिचीही गेली. खोट्या नोंदी केल्याबद्दल तिला काढलं, आणि ते योग्यच होतं. त्या पत्रात तीन चुका होत्या. भावाने बातमी ऐकली आणि फोनवर इतकंच म्हणाला, "लिहिलंस म्हणे." 

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी ती आणि ड्रायव्हर सरकारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले होते. त्याचे दोन दात गेले होते, हनुवटीपासून कानापर्यंत पट्टी, शर्टाची इस्त्री पार मोडलेली. रस्त्यावरून बसेस जात होत्या. तिला माफी मागायची होती आणि तोंडात येतील ते सगळे शब्द तिला पत्रातले वाटत होते.

"तुम्हाला दिसलं होतं," शेवटी तोच म्हणाला. सुजलेल्या तोंडामुळे शब्द जड येत होते. "अंगठा."

तिने मान हलवली.

"सात वर्षं मागच्या आरशात बघितलाय तो अंगठा," तो म्हणाला. "मलाही दिसला. तुम्ही बोलणार नाही हेही कळलं. मग मी सरकलो."

"मला वाचवायला?"

"नाही हो!" तो रागावल्यासारखा वाटला. "तुम्हाला लागलं असतं तर म्हणाले असते, बाईंनी चिडवलं, जुनं आपसातलं आहे, मिटवा. मला लागायला पाहिजे होतं. ड्रायव्हरला. त्या दोघांच्या समोर." तो खोकला, रुमालात बघितलं, घडी बदलली. "तुम्हाला वाटलं, डाव तुमचा एकटीचाच."

एक बाई लंगडत पायऱ्या चढून गेली. ती गेल्यावर त्याने मान वळवून तिच्याकडे नीट बघितलं. एवढ्या वर्षांत तो तिच्याकडे असा बघत असल्याचं तिला आठवत नव्हतं. आरशातून बघितलं असेल.

"खरं सांगा," तो म्हणाला. "साहेब मला मारत होते ना, सगळ्यांच्या देखत. तेव्हा तुम्हाला बरं वाटत होतं का?"

तिच्या डोक्यात वाक्यं तयार झाली. तीन-चार, एकापेक्षा एक चांगली. तिने ती जाऊ दिली.

"हो," ती म्हणाली. "खूप."

त्याने मान डोलावली, रुमाल ओठांवर दाबला आणि रस्त्याकडे बघत राहिला.

"मलाही," तो म्हणाला.